ब्रिस्केटसाठी घडवलेलं ग्रिल आणि आपल्या घरचा टिक्का

नमस्कार,

ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीमध्ये आम्ही गेल्या वर्षी घर घेतलं. त्याआधी आठ वर्षं अपार्टमेंटमध्ये काढली, तिथे बाल्कनीत कोळशाची शेगडी पेटवायलाही बंदी होती. आता मागे अंगण आहे, आणि यांच्या डोक्यात वुड पेलेट ग्रिल, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर चालणारं ग्रिल, बसलं आहे. ऑफिसातल्या मित्राकडे ब्रिस्केट होताना बघून आले (खाल्लं नाही, आमच्या घरी बीफ-पोर्क चालत नाही), तेव्हापासून रोज रात्री व्हिडिओ चालू असतात. बटण दाबायचं, आकडा लावायचा, बाकी सगळं ते करतं, असं यांचं म्हणणं. हजार डॉलरपर्यंत खर्चाची तयारी आहे. मला मात्र धास्ती वाटते, कारण ट्रेडमिलसुद्धा असंच आलं होतं.

आम्ही चौघं. खाणं म्हणजे चिकन, महिन्यातून एकदा बकऱ्याचं मटण, मासे, पनीर, मक्याची कणसं. तंदुरी चिकन आणि टिक्के सगळ्यांत लाडके. महिन्या-दोन महिन्यांनी पंधरा-वीस जण जेवायला असतात. सासूबाई एप्रिल ते सप्टेंबर आमच्याकडे असतात. त्या माळकरी, त्यामुळे त्यांचं सगळं वेगळं. माझं माहेर अलिबागकडचं, म्हणून एक भाबडा प्रश्न: यात पोपटी (मडक्यात वालाच्या शेंगा, चिकन, अंडी भाजतात ती) होईल का? वायफायचे पैसे मोजावेत का? आणि आत्ताच घ्यावं की मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सेलपर्यंत थांबावं?

— अंगण मिळालेली, केटी, टेक्सास

ताई,

घरी बीफ-पोर्क चालत नाही हे तुम्ही कंसात लिहिलंत, पण तुमचा निम्मा निर्णय त्या कंसातच आहे. अमेरिकेत पेलेट ग्रिल विकलं जातं ते ब्रिस्केट आणि पोर्क शोल्डरच्या जिवावर, आणि टेक्सासात तर विचारूच नका. ब्रिस्केट म्हणजे गाई-बैलाच्या छातीचा पाच-सहा किलोचा चिवट तुकडा. तो २२५ ते २५० अंशांवर (इथून पुढे सगळे अंश फॅरनहाइट) बारा-बारा तास धुरात ठेवतात, आतलं तापमान २०० च्या थोडं वर जाईपर्यंत. मध्येच १५०-१६० च्या आसपास काटा तासन्‌तास अडून बसतो, कारण मांसातून पाझरणारं पाणी वाफ होताना तुकड्याला थंड करत राहतं. हे नुसत्या लाकडावर करायचं तर कुणीतरी रात्रभर जागून सरपण घालत बसावं लागतं. पेलेट ग्रिलने ती जागरणं संपवली, म्हणून लोक त्यावर एवढे खूश आहेत.

तुमच्या घरी रात्रभर चालणारा पदार्थच नाही. सगळ्यांत लांबणारं काम म्हणजे बकऱ्याची अख्खी मांडी, पाच-सहा तास. बाकी सगळं तासाभरात ताटात. तेव्हा व्हिडिओवाले ज्यांना भरभरून गुण देतात, म्हणजे वीस-पंचवीस पौंड पेलेट मावणारा डबा, पहाटे तीन वाजता फोनवर वाजणारा अलार्म, एका वेळी चार ब्रिस्केट बसतील एवढी जाळी, त्यांचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. आणि तुम्हाला लागते ती कडक, थेट आच. तिच्याबद्दल तेच लोक दोन वाक्यं बोलतात आणि पुढे जातात.

आधी यंत्र कसं चालतं ते पाहा, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल. एका बाजूला हॉपर, म्हणजे पेलेट भरायचा डबा. त्याच्या तळाशी ऑगर नावाचा लांब स्क्रू असतो. तो मोटरवर सावकाश फिरतो आणि पेलेट ढकलत ढकलत मधल्या फायरपॉटमध्ये नेऊन टाकतो. फायरपॉट म्हणजे मोठ्या वाटीएवढं लोखंडी भांडं. त्यात विजेची एक कांडी तापून लाल होते, पेलेट पेट घेतात, पंखा वारा घालतो. त्या जाळावर पोलादी पत्रा, पत्र्यावर चरबी एका बाजूला वाहून नेणारा तिरका ट्रे, आणि जाळी त्याच्याही वर. कंट्रोलर तापमान बघत ऑगर कमी-जास्त फिरवतो. पेटवल्यावर पहिली काही मिनिटं दाट पांढरा धूर येतो, शेजारी खिडक्या लावून घेतील इतका. मग पंख्याची घरघर जाणवते, धूर पातळ आणि निळसर होतो. अन्न आत जायचं ते त्यानंतर. पांढऱ्या धुरात ठेवलेलं चिकन कडवट लागतं.

ही मांडणी मूळ ओरेगनमधल्या माउंट एंजल गावच्या जो ट्रेगर यांची. त्यांचा घरं तापवायच्या उपकरणांचा धंदा होता, आणि पेलेटवर चालणाऱ्या भट्टीची कल्पना त्यांनी १९८० च्या दशकात स्वयंपाकाकडे वळवली. १९८६ मध्ये पेटंट मिळालं, ते २००६ मध्ये संपलं आणि मग कंपन्यांची रांग लागली. आज दुकानात डझनभर नावं दिसतात. रंग, चाकं, अ‍ॅप वेगवेगळे, पण झाकण उघडून पत्रा उचललात तर आत तोच ऑगर आणि तीच वाटी.

जाळ झाकलेला असल्यामुळे अन्नाला लागते ती फक्त गरम हवा. म्हणजे हा अंगणात ठेवलेला, लाकडावर चालणारा, पंख्याचा ओव्हन झाला. ओव्हन म्हणून तो उत्तम आहे. शेगडी म्हणून बेताचाच.

आता तंदुरी. खरा तंदूर ८०० अंशांच्या आसपास तापतो, शिवाय मातीच्या भिंतीतून आच येते आणि खालून निखाऱ्यांची. म्हणून चिकन आतून रसाळ राहतं आणि कडेला काळे डाग पडतात. बहुतेक पेलेट ग्रिलची धाव ५०० अंशांपर्यंत. तेवढ्या हवेत दह्या-मसाल्यातलं चिकन छान शिजतं, मसाला सुकतो, लाकडाचा हलका वासही लागतो, पण ते डाग पडत नाहीत. बरं, डाग पडावेत म्हणून वेळ वाढवला की छातीचा तुकडा कापूस होतो. यावर काही कंपन्यांनी उपाय केला आहे: फायरपॉटवरचा पत्रा बाहेरच्या दांड्याने सरकवता येतो, त्याखाली झरोके असतात आणि जाळ तेवढ्या जागेत थेट जाळीपर्यंत येतो. पिट बॉसच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये हे आहे, कॅम्प शेफमध्ये आहे. वेबरच्या सीअरवूडमध्ये दांडा नाही, पण आतली रचनाच थेट जाळ लागेल अशी केलेली आहे. नाव सगळ्यांत मोठं ट्रेगरचं, पण त्यांच्या नेहमीच्या मॉडेल्समध्ये जाळ झाकलेलाच राहतो. तुमच्या घरचा टिक्का बघता मी थेट जाळाची सोय नसलेल्या ग्रिलकडे वळूनही पाहणार नाही, मग डिस्काउंट कितीही असो.

करायचं असं. हाडासकट मांडीचे तुकडे घ्या, छाती नको. दह्याचा मसाला निथळून घ्या, ओला गोळा राहिला की वाफच होते. ग्रिल ४२५ वर, तुकडे पत्रा झाकलेल्या बाजूला, साधारण अर्धा-पाऊण तास. आतलं तापमान १६० ला आलं की तेल-बटरचा हात फिरवून थेट जाळावर दोन्ही बाजूंनी मिनिट-दीड मिनिट. चिकनला १६५ हवंच, पण मांडीचं मांस १७५-१८० पर्यंत गेलं तर आणखी मऊ लागतं. आणि व्हिडिओत चिकनसुद्धा २२५ वर धुरात ठेवताना दाखवतात ते करू नका. सालीसकट असेल तर ती साल रबरासारखी ताणली जाते.

मटणाच्या बाबतीत मात्र हे ग्रिल पैसे वसूल करून देईल. इथे हलाल दुकानातून बकऱ्याची मागची मांडी अख्खी मिळते. आलं-लसूण, दही, गरम मसाला, थोडी कच्ची पपई लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि तशीच गार गार ग्रिलवर चढवा. थंड आणि किंचित ओलसर पृष्ठभागावर धूर जास्त बसतो, त्यामुळे आधी बाहेर काढून ठेवायची गरज नाही. २५० अंशांवर अडीच-तीन तास उघडी. रंग गडद विटकरी झाला की खोलगट ट्रेमध्ये कांद्याच्या जाड चकत्या, वाटीभर पाणी आणि दोन चमचे तूप घालून मांडी त्यावर ठेवा, फॉइलने घट्ट बंद करा आणि आच २७५ करा. बकऱ्याला गाई-डुकराइतकी चरबी नसते. झाकलं नाही तर वरून वाळून लाकूड होतं. आणखी दोन-तीन तासांनी आतलं तापमान २०० च्या आसपास आलं की हाड हाताने फिरतं. ट्रेमध्ये उरलेला रस टाकू नका, त्याचा रस्सा करा. वीस माणसं आली असताना तुम्ही सहा तास आत-बाहेर न करता गप्पा मारू शकता, हा या यंत्राचा खरा फायदा.

धुराबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. पंख्याच्या वाऱ्यावर पेलेट इतके स्वच्छ जळतात की वास सौम्य राहतो. कढीला किंवा भरताला आपण निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार देतो, त्या झणझणीत वासाची सवय असेल तर पहिल्या दिवशी तुम्ही म्हणाल, धूर लागलाच कुठे. जितकी आच कमी तितका धूर जास्त, म्हणून १८०-२२५ वर तो जाणवतो आणि ४२५ वर जवळजवळ नसतो. जास्त हवा असेल तर छिद्रांची पोलादी नळी मिळते, त्यात पेलेट भरून एका टोकाला पेटवून जाळीच्या कोपऱ्यात ठेवायची. खूप महागडी सोय शोधत बसण्यापेक्षा ही नळी पुरते.

सासूबाईंचा प्रश्न तुम्ही शेवटी-शेवटी लिहिलात, पण मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. दुकानात कुणीतरी सांगेल, वेगळी जाळी घ्या, झालं. ते खरं नाही. पेटी एकच, पंखा एकच, आणि मागच्या वेळच्या कोंबडीची चरबी खालच्या ट्रेवर बसलेली असते. ग्रिल तापलं की तिचाच धूर वरच्या पनीरला लागणार. जाळी बदलून काही होत नाही. माळ घातलेल्या माणसाला हे सांगायचं नाही आणि वाढायचं, हे मला पटत नाही, तुम्हालाही पटणार नाही. तेव्हा त्यांच्यासाठी कोळशाची एक छोटी झाकणाची शेगडी घ्या. इथे तिला केटल ग्रिल म्हणतात. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये धातूच्या बोयाचा गोळा कापून पहिली केटल बनवली, तीच रचना आजही विकली जाते. १८ इंची पुरे. साधारण शंभर-सव्वाशे डॉलर जातील. ती फक्त शाकाहारी राहू द्या, दांड्याला लाल दोरा बांधा, मुलांनाही सांगून ठेवा.

आणि यात गंमत अशी की तुमच्या यादीतले बरेच पदार्थ तिच्यावरच चांगले होतात. भरताचं वांगं निखाऱ्यावर साल फुटून काळं पडलं पाहिजे. पेलेटच्या हवेत ते नुसतं मऊ होऊन बसतं. कणसाचंही तेच. आषाढी एकादशीला रताळी निखाऱ्यांच्या कडेला राखेत ठेवा, पाऊण तासाने साल काढून तूप-मिठाबरोबर सासूबाईंना द्या. पनीर टिक्का आणि ढोबळी मिरची तिच्यावर पंधरा मिनिटांत.

वीज गेली तर चालते तीही केटलच. पेलेट ग्रिलला प्लग लागतो. ऑगर, पंखा, पेटवायची कांडी, सगळं विजेवर. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ आलं तेव्हा ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती, काहींची तर कितीतरी दिवस. तेव्हा ज्यांच्याकडे कोळशाची किंवा गॅसची शेगडी होती त्यांचं जेवण झालं. फक्त एक: कोळसा गॅरेजमध्ये, पोर्चच्या बंद भागात कधीही पेटवायचा नाही, दार अर्धं उघडं ठेवूनसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आकाराचं बोलू. जाहिरातीत ८०० चौरस इंच लिहिलेलं असतं, त्यात वरची अरुंद जाळी धरलेली असते. खालच्या मुख्य जाळीचा आकडा विचारा. ती ४५० ते ५५० असली की तुमचे वीस पाहुणे दोन खेपांत जेवतील, आणि चौघांसाठी रोज भलीमोठी पेटी तापवावी लागणार नाही. मोठी पेटी जास्त पेलेट खाते. २५० वर तासाला साधारण एक ते दीड पौंड जातात, ४५० वर अडीच-तीन. वीस पौंडांची पिशवी पंधरा ते पंचवीस डॉलर. हिशोब तुमचा तुम्ही करा, पण तंदुरीवर भर असेल तर पिशवी लवकर संपते हे लक्षात असू द्या.

बाकी बघायचं ते दुकानात हात लावून. झाकण उचला, हलकं, टपरीच्या पत्र्यासारखं लागलं तर पुढे जा. आतला फायरपॉट स्टेनलेस असावा, कारण सगळ्यांत आधी जळतो तोच. राख काढायला बाहेरून कप किंवा दांडा आहे का, हॉपर खालून रिकामा करायला झडप आहे का, हे दोन प्रश्न विक्रेत्याला नक्की विचारा. ज्या ग्रिलची राख काढायला जाळी, ट्रे, पत्रा सगळं उचलावं लागतं, त्याचं तिसऱ्या महिन्यात ट्रेडमिल होतं. कंट्रोलर पीआयडी प्रकारचा, म्हणजे तापमान सतत बघून आच बारीक-बारीक सावरणारा घ्या. जुन्या पद्धतीचे कंट्रोलर आच वीस-पंचवीस अंश वर-खाली हिंदकळवतात. मटणाला ते चालतं, पण नानखटाई भाजायची म्हटलं तर नाही. हो, नानखटाई होते, ३२५ वर आणि झकास.

वायफायसाठी वेगळे पैसे देऊ नका. आता बऱ्याच मॉडेल्समध्ये ते असतंच; नसेल तर तासाभराच्या चिकनसाठी अंगणात दोनदा जाऊन येण्यात काय जातं. असेल तर बहुतेकांना २.४ गिगाहर्ट्‌झचं नेटवर्क लागतं, तेवढं यांना सांगा, नाहीतर पहिला रविवार अ‍ॅप जोडण्यातच जाईल. त्याऐवजी वीस-तीस डॉलरचा झटपट तापमान दाखवणारा हातातला थर्मामीटर घ्या. तो चुकवू नका. ग्रिल कुठलंही असो, चिकन झालं की नाही ते तो सांगतो.

तुमच्या गावात पेलेटचा सगळ्यांत मोठा शत्रू हवा आहे. पेलेट म्हणजे दाबलेला लाकडाचा भुसा, दुसरं काही नाही. दाबताना लाकडातलंच लिग्निन मऊ होऊन त्याला धरून ठेवतं. त्यावर चकाकी असते, आणि बोटांत धरून मोडला की कट्‌कन आवाज येतो. गल्फच्या दमट हवेत हॉपरमध्ये आठवडाभर राहिला की चकाकी जाते, पेलेट फुगतो, चिमटीत भुगा होतो. तोच फुगलेला भुसा ऑगरमध्ये जाऊन सिमेंटसारखा बसला की सगळं खोलून स्क्रू ओढून काढावा लागतो, आणि ते काम एका दुपारचं नसतं. म्हणून दर वेळी उरलेले पेलेट काढून हवाबंद झाकणाच्या बादलीत भरा आणि बादली घरात ठेवा, गॅरेजमध्ये नको. ग्रिलला कव्हर घाला, पण पूर्ण गार झाल्यावर.

लाकूड कुठलं घ्यावं यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. पिशवीवर सफरचंद लिहिलेलं असलं तरी आत बऱ्याचदा ओक किंवा आल्डर मुख्य आणि सफरचंद चवीपुरतं असतं. ज्यावर शंभर टक्के तेच लाकूड असं छापलेलं असेल ते घ्या. चिकन, मासे यांना सफरचंद किंवा चेरी. मटणाला ओक किंवा हिकरी. मेस्कीट इथलंच झाड, टेक्सासचा अभिमान, पण आपल्या मसाल्याशी ते भांडतं. घर तापवायचे पेलेट स्वस्त मिळतात, त्यात काय काय मिसळलेलं असतं कुणास ठाऊक. ते अन्नाला अजिबात नाही.

आता यांना बसवून वाचून दाखवा असा भाग. "बाकी सगळं ते करतं" हे खरं, पण पेटवणं आणि विझवणं सोडून. पेटलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबू नये. प्रत्येक प्रयत्नात फायरपॉटमध्ये पेलेट साचत जातात, मग एकदम पेट घेतला की झाकणाखाली कोंडलेला धूर भडकतो आणि झाकण उडतं. पेटलं नाही तर बंद करा, गार होऊ द्या, फायरपॉट रिकामा करा, मग पुन्हा. विझवताना प्लग ओढायचा नाही. बंद करायचं बटण दाबल्यावर पंखा आणखी दहा-पंधरा मिनिटं चालतो, उरलेले पेलेट जाळून टाकतो, ते पूर्ण होऊ द्या. तीन-चार वेळा वापरल्यावर गार राख व्हॅक्यूमने ओढून घ्या. चरबीच्या ट्रेवर फॉइल घातलं तर दर वेळी बदला. आत चरबीने पेट घेतलाच तर झाकण लावा, यंत्र बंद करा, पाणी ओतू नका. ग्रिल घराच्या भिंतीपासून आणि लाकडी छपरापासून दहा फूट तरी लांब असू दे. अपार्टमेंटवाल्यांची बंदी उगीच नव्हती. आणि एचओएचे, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचे, नियम एकदा चाळा, काही सोसायट्या ग्रिल रस्त्यावरून दिसू नये म्हणतात.

पोपटीचा प्रश्न भाबडा मुळीच नाही. मडकं ४०० अंशांवर पाऊण-एक तासात आतून शिजवेल, पण ते ग्रिल थंड असतानाच आत ठेवून मग पेटवा, नाहीतर तडकेल. ओवा, जाडं मीठ, चिकन, अंडी, बटाटे सगळं मिळतं. वालाच्या ताज्या शेंगा आणि भांबुर्डा कुठून आणणार? भांबुर्ड्याच्या पाल्याशिवाय त्या मडक्यातून जे येईल ते चवदार असेल, पण त्याला पोपटी म्हटलंत तर माहेरी फोनवर सांगू नका. फ्रोझन केळीची पानं मात्र केटीच्या एशियन दुकानांत मिळतात. त्यात हिरव्या वाटणाचं पापलेट गुंडाळून ३५० वर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. माशाला १४५ पुरतात.

तर काय घ्यावं. थेट जाळाची सोय असलेलं, मुख्य जाळी ५०० च्या आसपास असलेलं, सातशे-आठशे डॉलरचं पेलेट ग्रिल, आणि सासूबाईंची केटल. उरलेल्यात थर्मामीटर, बादली, कव्हर, दोन पिशव्या पेलेट. चारशेच्या खालचं पेलेट ग्रिल नको. दोन हजारांचं जाड पोलादाचं ग्रिल मिनेसोटाच्या बर्फात रात्रभर ब्रिस्केट करणाऱ्यासाठी आहे, केटीत तुम्हाला ते पैसे कशाला.

पण दोन्ही एकदम घेऊ नका. आधी केटल घ्या, याच आठवड्यात, सासूबाई यायच्या आत. तीन-चार रविवार यांना कोळसा पेटवू दे. वांगी, कणसं, पनीर होऊ दे. त्यात हे रमले आणि मग म्हणाले, आता अख्खी मांडी करायची आहे, सहा तास कोळसा घालत बसायला नको, तर मेमोरियल डेला पेलेट ग्रिल बिनधास्त घ्या. तेव्हा नाही जमलं तर चार जुलैला आणि लेबर डेलाही सेल असतातच. दुसऱ्या रविवारीच कोळशाची पिशवी गॅरेजमध्ये पडून राहिली, तर सातशे-आठशे डॉलर वाचले. सेलमध्ये घेताना डिस्प्लेला ठेवलेला नग घेऊ नका, खोका सीलबंद मागा, जोडायला दोन माणसं आणि एक दुपार मोकळी ठेवा, आणि जोडल्यावर पहिल्यांदा अन्नाशिवाय अर्धा-पाऊण तास तापवून कारखान्याचं तेल जाळून टाका. मॅन्युअलमध्ये किती अंशांवर ते लिहिलेलं असतं.